नाव ठेवणारे

पायाखाली हलल्यासारखं वाटलं तर दचकू नका. तुम्ही होडीत उभे आहात. गाव व्हेनिस, तारीख १८ जुलै १५७३, वार शनिवार. ऊन मी म्हणतंय आणि कालव्यांना उन्हाळ्यात येतो तो वास आलाय: शेवाळ, मासळी, डांबर, शिवाय कुणीतरी खिडकीतून ओतलेलं खरकटं. नाकाला रुमाल लावू नका, लगेच परगावचे ठराल. तसे तुम्ही कुणाला दिसणार नाही म्हणा, बोललात तर ऐकूही जाणार नाही. आज ते सोयीचंच आहे. ज्या खोलीत जायचंय, तिथे राजीखुशीने गेलेला माणूस या शहरात सापडायचा नाही.

पण खटला ऐकण्याआधी चित्र बघून घ्या. (ही शिस्त आपल्याकडे फारशी उरलेली नाही. चित्र न बघता, पुस्तक न उघडता, नाटकाची तिसरी घंटा व्हायच्या आत भावना दुखावून घेण्यात आपण बरीच प्रगती केली आहे.)

होडीतून उतरलात की चौकात ब्राँझच्या घोड्यावर बसलेला सेनापती कोल्लेओनी दिसेल, जगाला दम भरल्यासारखा. त्याच्या मागे विटांचं अवाढव्य चर्च आहे. पूर्ण नाव सांती जोव्हान्नी ए पाओलो. गावकरी नुसतं झानिपोलो म्हणतात. लागूनच डॉमिनिकन साधूंचा मठ. पांढऱ्या झग्यावर काळा अंगरखा घातलेले हे साधू दुपारच्या सावलीत ये-जा करताहेत. त्यांच्यातून वाट काढताना एक गोष्ट लक्षात असू द्या. धर्माची चौकशी करणारे अधिकारी बहुतेक करून याच पंथातून नेमले जातात. म्हणजे ज्या चित्रावर आज आक्षेप येणार आहे, ते चौकशी करणाऱ्यांच्याच भाऊबंदांच्या जेवणघरात लागलंय.

त्या जेवणघरात शिरा. इथे आधी टिशियनने रंगवलेलं प्रभूचं शेवटचं भोजन होतं. १५७१ साली आग लागली आणि ते जळून गेलं. भिंत ओकीबोकी झाली, आणि ती भरण्याचं काम पाओलो कालियारी या पंचेचाळिशीतल्या चित्रकाराकडे आलं. व्हेरोना गावचा, म्हणून सगळे त्याला व्हेरोनेसे म्हणतात. आता मान वर करा. उंची साडेपाच मीटर, रुंदी बारा मीटरच्या वर. बेस्टची मोठी बस भिंतीला लावून उभी केली तरी कॅनव्हास दोन्ही टोकांना उरेल.

तीन भव्य कमानी. मधल्या कमानीखाली, पांढऱ्या चादरीच्या लांबलचक मेजामागे येशू बसलाय. अंगावर फिकट गुलाबी वस्त्र. शेजारी पेत्र कोकराचं मांस कापतोय. इथवर कुणाची काही तक्रार नाही. तक्रार बाकीच्यांची आहे, आणि बाकीचे भरपूर आहेत. फेटेवाले, सुरया घेऊन धावणारे नोकर, रेशमी झग्यातला पोट सुटलेला कारभारी. डावीकडे एक खुजा विदूषक, त्याच्याजवळ पोपट. डाव्या जिन्यावर हातात फडकं घेतलेला एक नोकर. त्याचा घोळणा फुटलाय. उजवीकडच्या जिन्यावर लांब दांड्याची परशू-भाली घेतलेले दोन शिपाई, जर्मन पेहरावातले, खाण्यापिण्यात दंग. जेवायला बसलेल्यांपैकी एक जण काट्याने दात कोरतोय. आणि चित्राच्या अगदी पुढे, सगळ्यांची नजर जाईल अशा जागी, एक कुत्रा.

जवळ जा. दात कोरणाऱ्याकडेच बघा. तो येशूची थट्टा करत नाहीये. त्याचं येशूकडे लक्षच नाहीये. जेवण झालंय, दातात काहीतरी अडकलंय, एवढंच त्याचं जग. पंगतीत असा एक जण असतोच, आणि व्हेरोनेसेने तो पाहून ठेवलेला आहे. भाविकाला टोचतं ते नेमकं हेच. मानवजातीसाठी प्राण देण्याआधीची प्रभूची शेवटची रात्र, आणि भोवताली कुणाला त्याचं सोयरसुतक नाही. त्या टोचण्याला मी खोटं म्हणणार नाही. आपल्या देव्हाऱ्यातल्या मूर्तीसमोर कुणी पाय पसरून दात कोरत बसला, तर तुमच्याआमच्या कपाळावरही आठी चढेल.

चला आता. खटल्याची वेळ होत आली.

सेंट मार्कच्या बॅसिलिकेच्या मागच्या अंगाला संत तेओदोरोची छोटी प्रार्थनाघर-वजा इमारत आहे. धर्मन्यायालय तिथे बसतं. आत गारवा आहे, पण तो भिंतींचा. समोर पोपचा वकील, व्हेनिसचा धर्मगुरू आणि चौकशी अधिकारी. त्यांच्या जोडीला व्हेनिस प्रजासत्ताकाने बसवलेले तीन सरदार. ही सोय १५४७ पासूनची. रोमला पाखंड शोधायचं असेल तर खुशाल शोधा, पण आमच्या माणसांच्या डोळ्यांदेखत, असा व्हेनिसचा बाणा. सध्या दोन्हीकडे तणातणी आहे. १५७१ साली लेपांतोला पोपबरोबर राहून तुर्कांचं आरमार बुडवलं खरं, पण याच मार्चमध्ये व्हेनिसने व्यापाराकडे बघून सुलतानाशी परस्पर तह केला आणि रोम संतापलं. त्या तीन सरदारांच्या चेहऱ्यांवर काही दिसत नसलं, तरी हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे.

हे दंतहीन न्यायालय आहे असं मात्र समजू नका. याच शहरात गेल्या दशकात पाखंडी ठरलेल्यांना रात्रीच्या अंधारात समुद्रात नेऊन बुडवलेलं आहे. व्हेरोनेसेला ते ठाऊक आहे. तुम्हालाही आता ठाऊक झालं. त्याचं बोलणं ऐकताना हे विसरू नका.

तो आलाय. कपडे नीटनेटके, हातात टोपी. कोपऱ्यात लेखनिकाने बोरू शाईत बुडवलाय.

धंदा काय? चित्रं काढतो, आकृत्या रचतो. इथे का बोलावलंय, ठाऊक आहे? नाही, सरकार. काही अंदाज? अंदाज आहे. मठाच्या प्रमुखांनी सांगितलं होतं की कुत्र्याच्या जागी मरीया मग्दालीया काढा, असा आपला हुकूम आहे. मी तेही केलं असतं, पण त्या जागी मग्दालीया शोभेल असं मला वाटेना.

ऐकलंत? जिवाची भीती असलेला माणूस पहिल्याच सविस्तर उत्तरात रचनेचा मुद्दा काढतोय. कुत्रा तिथे बसतो, मग्दालीया बसत नाही. ही धिटाई आहे की भाबडेपणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुधा धंद्याची खोड असावी.

मग एकेक माणूस काढून विचारणं सुरू होतं. नाकातून रक्त येणारा तो कोण? नोकर आहे, काहीतरी लागलं असेल. जर्मन पेहरावातले ते हत्यारबंद? त्यावर चित्रकार जरा सावरून उभा राहतो आणि म्हणतो, इथे दोन शब्द सविस्तर बोलावे लागतील. आम्ही चित्रकार कवींसारखी आणि वेड्यांसारखी मोकळीक घेतो. घराचा मालक मोठा, श्रीमंत. त्याच्या दारी असे नोकर असायचेच. आणि विदूषक, पोपट घेतलेला? शोभेसाठी, रिवाज आहे तसा.

मेजावरच्यांबद्दल विचारतात. पेत्र काय करतोय? कोकरू कापून पलीकडे द्यायला निघालाय. त्याच्या शेजारचा? वाढून घ्यायला ताट पुढे करतोय. आणि तो पलीकडचा? तो... काट्याने दात कोरतोय.

हसू आलं तर दाबा. समोर कुणी हसलेलं नाही.

आता खरा प्रश्न येतो. शेवटच्या भोजनाला प्रत्यक्षात कोण कोण हजर होतं असं तुम्हाला वाटतं? व्हेरोनेसे म्हणतो, ख्रिस्त आणि त्याचे शिष्य. पण चित्रात जागा उरली की मी ती माझ्या कल्पनेतल्या आकृत्यांनी भरतो. मग हे जर्मन, हे विदूषक काढायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. मला योग्य वाटेल तसं सजवायचं काम होतं. कॅनव्हास मोठा होता, पुष्कळ माणसं मावत होती.

या दोन उत्तरांपाशी मी तुम्हाला थोडं थांबवणार आहे. श्रद्धा, पाखंड, ईश्वराचं स्वरूप यांवर व्हेरोनेसे चकार शब्द काढत नाही. तो मुक्तीचा झेंडा घेऊन आलेला नाही. त्याचा दावा अगदी चिमुकला आहे: विषय तुमचा, पण उरलेली जागा माझी. न्यायालयाला अडचण होते ती याच दाव्याची, कारण उरलेल्या जागेत कुत्रा येतो, दारू येते, जर्मन येतात. न्यायाधीश त्याला स्पष्ट विचारतात, जर्मनीत आणि पाखंडाने ग्रासलेल्या इतर मुलखांत असलीच चित्रं काढून चर्चची टिंगल करतात, हे ठाऊक नाही का? सुधारणावादी ल्यूथरचा मुलूख तो. जर्मन शिपाई आणि त्यांच्या हातातला प्याला रोमच्या माणसाला काय दाखवतो, हे समजून घ्यायला हवं. १५६३ च्या डिसेंबरात ट्रेंटच्या धर्मपरिषदेने पवित्र चित्रांत काही अनुचित असू नये असा ठराव केला, त्याला दहा वर्षंही झालेली नाहीत. त्यांच्या दृष्टीने कुत्रा हा कुत्रा नव्हता.

इथे व्हेरोनेसे थोडा घसरतो. ते वाईट आहे, मान्य. पण माझ्यापेक्षा थोरांनी जे केलं तेच मी करतो, असं म्हणतो. कुणी काय केलं? तो सरळ मायकेलअँजेलोचं नाव घेतो. रोममध्ये पोपच्या खास प्रार्थनागृहात त्याने येशू, मरीया, योहान, पेत्र सगळे नग्न रंगवले, फारसा आदर न दाखवता.

मायकेलअँजेलो जाऊन नऊ वर्षं झालीत. मेलेल्याला समन्स निघत नाही. तरीही हे मला खटकतं. ज्या चित्राची त्याने साक्ष काढली त्या 'अंतिम न्याया'ला १५४१ साली पडदा उघडल्यापासून शिव्या बसत होत्या. पोपच्या दरबारातला समारंभ अधिकारी बियाजो चित्र पूर्ण व्हायच्या आतच म्हणाला होता की असली चित्रं हमामखान्यात शोभतात. चित्रकाराने त्याला नरकात उभा केला, गाढवाचे कान लावून, अंगाला साप गुंडाळून. १५६५ साली मात्र दानिएले दा व्होल्तेर्रा या चित्रकाराला शिडीवर चढवून त्या नग्न देहांना कापडं रंगवायला लावली. उभ्या इटलीने त्याला 'चड्डीवाला' हे नाव दिलं, ते अजून पुसलं गेलेलं नाही. हे सगळं व्हेरोनेसेला माहीत नसेल असं म्हणवत नाही.

न्यायाधीशांचं उत्तर ऐका, कारण ते चोख आहे. कयामतीच्या दिवशी कपडे असतात असं कुणी गृहीत धरत नाही, ते म्हणतात. तिथे कपडे रंगवायचं कारणच नव्हतं. आणि त्या चित्रात जे आहे ते सगळं आत्म्याचं आहे. तिथे विदूषक नाहीत, कुत्रे नाहीत, हत्यारं नाहीत. आता बोला काय ते! कलेच्या खटल्यात न्यायाधीश चित्रकारापेक्षा नीट चित्र वाचतो, असे प्रसंग थोडे. आपली बाजू ज्याची, त्याचाच प्रत्येक मुद्दा बरोबर असतो असं नाही.

निकाल थोडक्यात आहे. आजपासून तीन महिन्यांत, स्वतःच्या खर्चाने, चित्र सुधारायचं. तुरुंग नाही, यातना नाहीत, दंडाची रक्कम नाही. तीन सरदार उठतात.

तुम्ही बाहेर या आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत थांबा. थांबायला काय लागतं तुम्हाला, काळाचा पास काढलेलाच आहे. व्हेरोनेसे शिडी लावतो. कुत्र्यावर रंग चढत नाही. विदूषक जागचा हलत नाही, पोपट उडत नाही, जर्मन शिपाई पीतच राहतात. तो फक्त अक्षरं रंगवतो, लॅटिनमध्ये: लेवीने प्रभूला मोठी मेजवानी दिली. पुढे हवाला, लूकच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय. आता हे शेवटचं भोजन नाही. ही लेवी नावाच्या जकातदाराच्या घरची पंगत आहे, आणि जकातदाराच्या घरी कोणी यायचं याला धरबंध नसतो. न्यायालय गप्प बसतं. त्याचंही काम झालं, चित्रकाराचंही.

पण लूकचा पाचवा अध्याय काढून बघा. जकातदार म्हणजे लोकांना नकोसा माणूस. त्याच्याकडे येशू जेवायला बसतो तेव्हा परूशी आणि शास्त्री, म्हणजे धर्माचे जाणकार, त्याच्या शिष्यांपाशी कुरकुर करतात: तुम्ही जकातदार आणि पापी लोकांच्या पंगतीला कसे? येशू उत्तर देतो की वैद्य आजाऱ्यांना लागतो, धडधाकटांना नाही. न्यायालयाचा आक्षेपही तोच होता: प्रभूच्या पंगतीला हे असले लोक कसे? चित्रकाराने जे नाव लावलं त्यात हा प्रश्न विचारणारे कोण होते हेही येऊन गेलं. हे त्याने ठरवून केलं की मठातल्या कुणा हुशार साधूने सुचवलं, कोण सांगणार. माझ्या मते इतका बेमालूम टोला चुकून बसत नाही.

परतीच्या वाटेवर थोडी वाकडी वाट करून काशीला उतरा. त्याच वर्षीची, १५७३ ची, शके १४९५ ची कार्तिकी पौर्णिमा. पैठणहून आलेले एकनाथ इथे भागवताच्या एकादश स्कंधावरची मराठी टीका पुरी करताहेत. आख्यायिका सांगते की देवाची वाणी प्राकृतात आणली म्हणून काशीच्या पंडितांनी त्यांना जाब विचारला, आणि ऐकून घेतल्यावर ग्रंथाची मिरवणूक काढली. हेच एकनाथ पैठणला महाराच्या घरी जेवले म्हणून ब्राह्मण खवळल्याची गोष्टही आपण ऐकत आलोय. आख्यायिका त्या आख्यायिकाच. पण देवाच्या माणसाने कुणाच्या पंगतीला बसावं, हे ठरवणारे दोन्ही गावांत होते.

आता शेवटचा मुक्काम. ८ मे २००८, दिल्ली उच्च न्यायालय. न्यायमूर्ती संजय किशन कौल यांचा निकाल आहे, आणि ज्याच्यावर खटले आहेत तो नव्वदी ओलांडलेला माणूस कोर्टात नाही, देशातच नाही. मकबूल फिदा हुसेन, जन्म पंढरपूर, १९१५. १९७० साली काढलेलं सरस्वतीचं रेखाटन १९९६ साली एका मासिकाने छापून बोंब ठोकली, म्हणजे सव्वीस वर्षं ज्याने कुणाचं काही दुखलं नव्हतं ते एकाएकी दुखू लागलं. १९९८ साली त्यांच्या मुंबईतल्या घरात घुसून मोडतोड झाली. दुसऱ्या बाजूचेही मागे नव्हते. २००४ साली 'मीनाक्षी' चित्रपटातल्या एका गाण्यावर मुस्लिम संघटनांनी हरकत घेतली आणि हुसेननी सिनेमा थिएटरांतून काढून घेतला. आजचे खटले मात्र नकाशाच्या आकारात बसवलेल्या एका नग्न स्त्रीच्या चित्राचे आहेत. देशात ठिकठिकाणी दाखल झालेले, दिल्लीला एकत्र केलेले.

त्या चित्राला हुसेननी नावच दिलेलं नव्हतं. २००४ साली ते बिननावाचं विकलं गेलं. २००६ साली काश्मीरच्या भूकंपग्रस्तांसाठी ऑनलाइन लिलाव झाला, त्यात ते 'भारतमाता' या नावाने झळकलं. लिलावाशी आपला काही संबंध नव्हता, असं चित्रकाराचं म्हणणं. झानिपोलोच्या भिंतीवर चित्रकाराने स्वतःच्या हाताने नाव बदललं आणि कॅनव्हास वाचला. इथे परक्याने चिकटवलेल्या नावाने चित्रकाराच्या मागे समन्स लागलं.

न्यायमूर्तींनी खटले रद्द केले. नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, हे सविस्तर सांगितलं, आणि या वयात माणसाने आपल्या घरी बसून चित्रं काढावीत अशी इच्छा लिहून ठेवली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही त्या निकालाविरुद्धचं अपील फेटाळलं. कायद्याच्या दृष्टीने विषय संपला. हुसेन परतले नाहीत. २०१० साली त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये वारले.

व्हेनिसच्या त्या धर्मन्यायालयाबद्दल मला प्रेम नाही. माणसं बुडवणाऱ्यांचं कौतुक कसलं? पण त्यांनी चित्रकाराला समोर उभं केलं, एकेक आकृती दाखवून कारण विचारलं आणि उत्तर जसंच्या तसं कागदावर उतरवून घेतलं. म्हणूनच १८६७ साली एका फ्रेंच अभ्यासकाला तो कागद सापडून छापता आला, आणि तुम्हाला आज त्या खोलीत बसता आलं. हुसेनच्या घरात शिरलेल्यांनी विचारलं काय आणि लिहून घेतलं काय? भावना दुखावल्याचं मी समजू शकतो. प्रश्न न विचारता दगड उचलणाऱ्याला मी भाविक मानत नाही, मग तो कुठल्याही देवाचं नाव घेवो.

दिल्लीच्या त्या निकालाची प्रत इंटरनेटवर फुकट मिळते. पुढच्या वेळी मोबाइलवर कुणी 'बघा आपल्या देवाची विटंबना' म्हणून एखादं चित्र पाठवलं, तर ते पुढे ढकलण्याआधी दोन गोष्टी विचारा: हे चित्र कुणी, कधी काढलं, आणि त्याच्याखालचं नाव कुणी घातलंय.